मरण ऑप्शनला

नरडाण्याहून फोन आला तेव्हा मी जळगावच्या ऑफिसात जेवणाचा डबा उघडत होतो. फोन साहेबांच्या टेबलावर, म्हणून उठून जावं लागलं. पलीकडे अक्का होत्या, मिलिंदची थोरली बहीण. "भाऊ, मिलिंद गया..." एवढंच बोलल्या आणि फोन ठेवला. आता सव्वा महिना होत आला. लोक विचारतात, तुमचा कोण होता? मित्र, असं सांगतो. ते खरं आहे, पण पुरेसं नाही. ज्याला मी एकदा मारलं होतं आणि नंतर जिवंत केलं नाही, त्याला काय म्हणतात, मला माहीत नाही.

धुळ्याला आम्ही एका वर्गात होतो. माझी खोली देवपुरात, पहिल्या मजल्यावर. मिलिंदच्या हृदयाची झडप लहानपणीच खराब झालेली. डॉक्टरांनी जिने चढू नको म्हणून बजावलेलं. तरी दर रविवारी तो नरडाण्याहून एसटीने यायचा, नदीच्या पुलाच्या अलीकडेच उतरायचा आणि माझ्या जिन्यात मधल्या पायरीवर बसून, "आलो रे, आलो," असं वर तोंड करून ओरडायचा. यायचा तो खेळायला. माझ्या चुलतभावाने, शिरीषने, पुण्याच्या हॉस्टेलवरून एका परदेशी खेळाच्या पुस्तकाची झेरॉक्स पाठवली होती. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने सूत्रधार होऊन गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी एकेक पात्र घेऊन त्या गोष्टीत शिरायचं, आणि जमलं की फसलं हे फाशांवर ठरायचं. वीस बाजूंचा फासा खानदेशात कुठून मिळणार? आम्ही बिस्किटांच्या डब्यात एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या.

सूत्रधार अर्थातच मी. नियमांवर माझा भारी जीव, शिवाय पुस्तक माझ्या भावाचं. मिलिंदच्या पात्राचं नाव कान्हू, सातपुड्यातला वाटाड्या. कान्हू धावायचा, कडे चढायचा, पुरात उडी घ्यायचा. तो कडा चढायला लागला की मिलिंद चटईवर ताठ बसायचा आणि दम त्यालाच लागायचा. दीड वर्ष कान्हू कुठेही पडला नाही. मग एका रविवारी, चोपड्याच्या वरच्या डोंगरातला म्हणून मी रचलेला एक कडा उतरताना, मिलिंदने चिठ्ठी काढली आणि सगळ्यात वाईट आकडा, एक, निघाला. मी पान उघडून वाचून दाखवलं: मेला. "यार, जखमी कर ना. पाय मोडू दे त्याचा," मिलिंद म्हणाला. मी म्हणालो, "नियम म्हणजे नियम." एकविशीतला शहाणपणा! त्याच्या कागदावर, जिवाच्या रकान्यात, मी माझ्या हाताने शून्य लिहिलं. त्याने दुसरं पात्र घेतलं नाही. यायचा मात्र दर रविवारी, आणि भिंतीला टेकून ऐकत बसायचा.

पुढे शिरीषचं पत्र आलं. खेळाची नवी आवृत्ती निघणार, तिच्यात पुष्कळ नियम ऑप्शनल असणार, मरणाचासुद्धा. मिलिंद उडालाच. "म्हणजे मरण ऑप्शनला!" आमच्याकडे जो धडा अवघड तो ऑप्शनला टाकायचा, म्हणजे वाचायचाच नाही, ही पिढीजात रीत. मी मास्तरी आव आणून सांगितलं, "अरे, ऑप्शनल म्हणजे ऐच्छिक." "कुणाच्या इच्छेने?" त्याने विचारलं. "पुस्तक येऊ दे. तसा नियम निघाला तर कान्हूला उठवीन, शब्द देतो," असं मी म्हणालो. मग पुढचे किती रविवार आम्ही नव्या आवृत्तीत काय काय हवं तेच बोलत होतो. मला ओझ्याचे नियम हवे होते, मशालीला तेल किती लागतं त्याचे. मिलिंदला एवढंच हवं होतं की पडलेल्याला सोबत्यांनी वेळेत उचललं, तर तो वाचावा.

परीक्षा झाल्या, पांगापांग झाली, मला जळगावला नोकरी लागली. पुस्तक आलं तेही जळगावच्याच पत्त्यावर. मरणाच्या नियमाचं पान मी आधी काढलं. पडलेला लगेच मरत नाही, सोबत्यांनी धाव घेतली तर वाचतो, अगदी मिलिंदला हवं होतं तसंच होतं. आणि खाली लिहिलं होतं: हा नियम लावायचा की नाही, ते सूत्रधाराने ठरवावं. आधीही कोण अडवणार होतं मला? माझी मान खाली गेली. प्रत्यक्ष जाऊन सांगू म्हटलं, मग लग्न, मग बदलीची खटपट... खरं सांगायचं तर लाज वाटत होती. दोन वर्षांनी एका लग्नात तो भेटला, ओठ निळसर, हसणं तेच. "पुस्तक आलं का रे?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "नाही अजून." "येईल, येईल," असं म्हणत त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. ती शेवटची भेट.

परवा नरडाण्याला गेलो. अक्कांनी चहा दिला, आणि त्याच्या कपाटातून झेरॉक्सचा गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला. नवी आवृत्ती. शिरीषने एक प्रत त्यालाही पाठवली होती; वर चिठ्ठी होती, 'तुम्हा दोघांनाही एकेक प्रत पाठवतोय.'

"हाई कधीपासून?" मी विचारलं.

"तीन वरीस व्हयनात. रोज वाचे. मी म्हनं, मंग तू सोता सांग ना तुना दोस्तले. तर म्हने, नही अक्का, ते त्यानीच सांगाले पायजे."

म्हणजे त्या लग्नात, माझ्या पाठीवर हात ठेवताना, त्याला सगळं ठाऊक होतं. मी गठ्ठ्यातून मरणाच्या नियमाचं पान काढलं. मग काय सुचलं कोण जाणे, मोठ्याने म्हणालो, "अक्का, कान्हू वाचला."

कान्हू कोण, ते अक्कांनी विचारलं नाही. चहाचा कप उचलत त्या म्हणाल्या, "हाई त्याले सांगाले पायजे व्हतं, भाऊ."