धोंडू पेंटरचा अर्धा दिवस

धोंडू पेंटर कामाची बोलणी करायला आला की आधी एकच विचारायचा, "उक्तं का रोजावर?" उक्तं म्हणजे सबंध पाटीचा एकच आकडा, किती का दिवस लागेनात. रोजावर म्हणजे जितके दिवस, तितकी मजुरी. आंदर मावळातून तो चालत लोणावळ्यात यायचा. कानावर पेन्सिल, खांद्याला ब्रशांची पिशवी. आणि उत्तर मिळेपर्यंत दुकानाकडे नव्हे, रस्त्याकडे पाहत राहायचा.

साठच्या दशकात मी हमरस्त्यावर चिक्कीचं दुकान काढलं. हा माणूस फार निवांत, रोजावर ठेवला तर पाटी दिवाळीपर्यंत रंगवील, म्हणून मी उक्तं ठरवलं. नंतर आठवडाभर तो फिरकलाच नाही. मग एका सकाळी आला, शिडी लावली आणि जेवायच्या आत पाटी संपवून मोकळा झाला. पाटी झकास होती. पण अर्ध्या दिवसाला एवढे पैसे, हे मला झोंबलं. ते दिले, आणि बाजारभर सांगत सुटलो, की हा अर्ध्या दिवसाचा पेंटर, याला उक्तं देऊ नका.

बाजाराला ते नाव आवडलं. सगळे त्याला रोजावरच बोलावू लागले. धोंडूने एकदाच विचारलं, "बगायचा रोज धरनार का?" त्यावर चहाच्या टपरीत दिवसभर हसणं चाललं. एका लॉजमालकाने तर खुर्ची टाकून पहारा केला. ब्रश थांबला की रोज थांबला, असं बजावलं. धोंडूने ब्रश थांबवलाच नाही. अक्षरांना सावली, सावलीला वेल, वेलीवर पोपट. संध्याकाळपर्यंत लॉजचं नाव पोपटांत हरवलं. मालक खवळला, तर हा शांतपणे म्हणाला, "तुमीच म्हनला, थांबू नको." त्यानंतर त्याला कुणी बोलावलं नाही.

वर्षभराने मी कार्ल्याहून एसटीने येत होतो. वळणावर दोन झाडांच्या फटीतून माझी पाटी क्षणभर दिसली, आणि तेवढ्यात पुरती वाचूनही झाली. मी ती कौतुकाने कंडक्टरला दाखवली.

"दिसणारच," तो म्हणाला. "तो पेंटर आठवडाभर याच गाडीनं ये-जा करायचा. खिडकीशी बसून, तुमच्या दुकानाकडे बघत."

मी आंदर मावळात गेलो. धोंडू दुसऱ्याच्या खाचरात भात कापत होता. मी म्हटलं, "धोंडूभाऊ, दुकानाची बाजूची भिंत रंगवायची आहे. उक्तं. आकडा तुम्ही सांगा."

त्याने विळा धोतराला पुसला. "नको शेट. हितं रोजावर बरं चाललंय. भाताला बगावं लागत न्हाई, नुस्तं वाकायचं."

कंडक्टरचं बोलणं मी बाजारात कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोक मला हसले असते. धोंडू जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली, पण जुनी माणसं अजून 'अर्ध्या दिवसाचा पेंटर' म्हणूनच त्याची आठवण काढतात. त्यांच्यासाठी लिहून ठेवतो: त्या पाटीला सात दिवस गाडीत लागले आणि अर्धा शिडीवर. मी पाहिला तो शिडीवरचा.