पंधरा नंबरचे बूट

परत आलेला माल आणि गुप्तेकाकांचे किस्से, दोन्ही इथे आखातात, आमच्या रास अल खोरच्या गोडाऊनमध्ये न मागता साठत जातात.

काका आमचे स्टोअरकीपर. जेवताना मोबाईलवर प्राचीन युद्धांचे व्हिडिओ बघणार. शेजारच्या गॅरेजवाल्यांशी आमची दरवर्षी रस्सीखेच होते आणि दरवर्षी आम्ही तोंडावर आपटतो. यंदा काका रिटायर होऊन पुण्याला जाणार होते. "एकदा तरी जिंकून जायचंय रे," म्हणाले, तेव्हा मला खरंच वाईट वाटलं.

*

"पूर्वीचे सेनापती जास्तीच्या शेकोट्या पेटवायचे. शत्रूला वाटायचं, केवढं हे सैन्य!" काकांनी पहिली युक्ती काढली.

गॅरेजवाले अल कुसैसला काकांच्या समोरच्याच बिल्डिंगमध्ये राहतात. काकांनी बाल्कनीत टीमच्या तीस जर्सी वाळत घातल्या. तासाभरात वॉचमन दारात! "मॅडम, फ्लॅट में कितने लोग रहते हैं?"

काकू शांतपणे म्हणाल्या, "हम दो. बाकी इनकी फौज है."

*

मग दैवी कौल. कुणा सेनापतीला म्हणे पांढरी हरिणी देवाचा निरोप कानात सांगायची. काकांनी गोडाऊनची पांढरी मांजर नेमली. गॅरेजवाल्यांदेखत तिला कानाशी धरून म्हणाले, "ये बोलती है, जीत हमारी!"

मांजरीने टुणकन उडी मारली आणि त्यांचे कॅप्टन बशीरभाई यांच्या मांडीवर जाऊन झोपली.

*

काका खचले नाहीत. एका राजाने माघारी जाताना म्हणे राक्षसी मापाची चिलखतं मागे टाकली, शत्रूने धसका घ्यावा म्हणून. काकांनी पंधरा नंबरचे सेफ्टी शूज मागवले, त्यांवर आमच्या कंपनीचं नाव ठसठशीत छापून घेतलं आणि ते गॅरेजच्या दारात 'विसरले'.

दुसऱ्या दिवशी बशीरभाई हजर. "शुक्रिया, हबीबी! हमारे नए आदमी को कहीं जूते नहीं मिल रहे थे. एकदम फिट!"

नवा माणूस त्यांच्यामागेच उभा होता. त्याच्याआड आमचं दार दिसेना!

*

मॅचच्या दिवशी आमच्या जोशीची कंबर धरली. आम्ही सात, समोर आठ, त्यात तो डोंगर. काकांनी दोर घट्ट धरला.

अंपायर होता पलीकडच्या कंपनीचा सेफ्टी ऑफिसर, भयंकर कडक. त्याने डोंगराचे बूट पाहिले, मग आमच्या जर्सीवरचं नाव पाहिलं.

"तुम उधर क्या कर रहे हो? अपनी कंपनी में जाओ. यल्ला!"

दोन दिवसांपूर्वी कामाला लागलेला माणूस, साहेबांनी सांगितलं म्हणून मुकाट्याने आमच्याकडे आला. बशीरभाई ओरडेपर्यंत शिट्टी वाजली. दोन सेकंदांत खलास!

काका कप छातीशी धरून रडत होते. बशीरभाई जवळ आले. "काका, सच बताओ, ये आपका प्लॅन था?"

काकांनी चष्मा पुसून परत लावला.

"अब से था!"