दर वर्षी नव्या वेळी जन्मणारे दादा

माणूस एकदा जन्मतो आणि तीच जन्मवेळ आयुष्यभर वापरतो. अपवाद फक्त आमचे दादा. माझ्या नवऱ्याचे हे मावसभाऊ, राहणार दुबईत अल कुसैसला, नोकरी शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या एका गोदामात. हे दर वर्षी नव्या वेळी जन्माला यायचे!

कंपनीत मशीन बसवायला आलेल्या एका चिनी इंजिनिअरने जेवणाच्या सुट्टीत त्यांना तिकडचं ज्योतिष शिकवलं आणि दादांनी त्याला हाताने आमटी-भात खायला शिकवलं. तो मायदेशी गेला, विद्या इथेच राहिली. चिनी नवं वर्ष लागलं की दादा संत्र्यांची पिशवी घेऊन डिस्कव्हरी गार्डन्सला आमच्या दारात हजर. "वर्ष बदललं की चार ताऱ्यांची ड्यूटी बदलते. एक पैसा आणतो, एक अधिकार, एक नाव, आणि चौथा नुसता अडवतो." या चौथ्याला ते अडव्या म्हणत, पण त्याला नावं ठेवलेली त्यांना खपत नसे. "बिचाऱ्याची यंदा ती शिफ्ट आहे गं. पुढे कधीतरी हाच पैसा आणेल." आमची लेक ड्रायव्हिंग टेस्टमध्ये सारखी नापास होत होती, तेव्हा म्हणाले, "अडव्या प्रवासाच्या घरात बसलाय. नवं वर्ष लागू दे." लागलं, आणि पोरगी पास! "काका, आय जस्ट प्रॅक्टिस्ड," ती म्हणाली. दादा कसले ऐकतात!

स्वतःची पत्रिका मात्र मांडता येईना, कारण जन्मवेळच ठाऊक नव्हती. चिनी पद्धतीत दिवसाचे बारा भाग, प्रत्येकाची पत्रिका वेगळी. त्यात साठी उलटल्यापासून कंपनी दर वर्षी "बघू" म्हणायला लागली. व्हिसा वाढला तर राहायचं, नाही तर गाशा गुंडाळायचा. दादांना तर दुबई सोडायची कल्पनाही सोसत नव्हती. मग त्यांनी शक्कल लढवली. बाराही पत्रिका मांडायच्या आणि जिच्यात अडव्या नोकरीच्या घरापासून लांब असेल, ती वेळ आपली म्हणायची. एका वर्षी ते पहाटे जन्मले, पुढच्या वर्षी टळटळीत दुपारी. "दादा, मावशीचे काय हाल!" माझा नवरा म्हणायचा. पण व्हिसा वाढायचा हो, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

यंदा संत्री आली, पण दादा रिकाम्या पिशवीची घडी घालत बसले. चहा निवून गेला.

"कंपनीने खलास म्हटलं," ते म्हणाले.

मी विचारलं, "आणि पत्रिका?"

"गुहागरला आक्काला फोन केला." आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. "विचारलं, मी कधी जन्मलो गं? तर म्हणते, दिवेलागणीला. मी कंदिलाची काच पुसत होते आणि तू रडलास."

"अहो, मग इतकी वर्षं विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर त्या एकाच वेळेत अडकलो असतो ना!" हसले. "त्या पत्रिकेत अडव्या नोकरीच्या घरात ठाण मांडून बसलाय. पण पैसा आणणारा वास्तूच्या घरात आहे. घरी ये म्हणतोय."

मला रडूच आलं. तर म्हणाले, "यल्ला, चल! रडतेस काय? संत्रं सोल."

आता दादा गुहागरला असतात. आक्काला ताऱ्यांच्या ड्यूट्या समजावतात आणि ती ऐकता ऐकता खुशाल पेंगते म्हणे. इथे आमच्या बाल्कनीत अजून चांगलं ऊन असतं, तेव्हा तिकडे दिवे लागलेले असतात. मी नवऱ्याला म्हणते, "दादा जन्मले असतील आता."

तो घड्याळाकडे बघतो आणि म्हणतो, "हो, आत्ताच."