वास्तूला हिंदी येत नाही

आमच्या सासरी भिंतींना कान होते, आणि ते म्हणीतले नव्हेत, खरोखरचे. घरात वास्तुदेवता असते, आपण बोलू त्याला ती ‘तथास्तु’ म्हणत असते आणि तिला थट्टा कळत नाही, अशी सासूबाईंची पक्की समजूत होती. त्यामुळे आमच्याकडे बांगडी फुटत नसे, ती ‘वाढत’ असे. डब्यातले तांदूळ कधी संपत नसत, फक्त आणायचे असत. मी धारवाडची, केलगेरीच्या तळ्याकडे वाढलेली मास्तरांची मुलगी. तोंडाला येईल ते बोलायची सवय. लग्न होऊन हुबळीला देशपांडे नगरात आले आणि पहिल्याच आठवड्यात चुलीपाशी “मेले, दूध उतू गेलं” म्हणाले, तर सासूबाईंनी माझ्या तोंडावर हात दाबला. कणीक मळता मळता उठल्या होत्या. माझ्या ओठांना पीठ लागलं.

सासूबाईंना घरीदारी सगळे अक्का म्हणत, मीही म्हणू लागले.

पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी ठरलं. हुबळीला थाटात डोहाळजेवण झालं, फुलांची वाडी भरली, मी धारवाडला गेले. आठव्या महिन्यात पोटातली हालचाल थांबली. परत आले ती रिकाम्या हातांनी. त्यावर घरात कुणी चकार शब्द काढला नाही. अक्का माझ्या भातावर जरा जास्त तूप वाढायच्या, एवढंच. दुसऱ्या वर्षी पुन्हा दिवस राहिले. या खेपेला डोहाळजेवण नको, माहेरही नको, असं न बोलताच ठरून गेलं.

ऐंशी सालाच्या आसपासची ही गोष्ट. मला भीती वाटत होती. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, देवासमोर हात जोडलेले असतानासुद्धा. हात सारखा पोटावर जायचा आणि आतून उत्तर यायला जरा वेळ लागला की मी हातातलं काम तसंच टाकून बसायची. आणि ही भीती सांगायची कुणाला? नवऱ्याला एकदा सांगून पाहिलं. बाजारात आमचं कापडाचं दुकान. दिवसभर गिऱ्हाइकांना ‘रंग जाणार नाही’ असं छातीठोक सांगणारा माणूस, पण माझं वाक्य अर्ध्यावर असतानाच दाराकडे बघायला लागला. “चांगलं बोल ग,” म्हणाला. “अक्काच्या कानावर जाईल.” अक्कांपाशी तोंड उघडलं तर पुन्हा तो हात. “बोलू नये ग असलं घरात. वास्तू तथास्तु म्हणती.” कानडीत मोलकरणीजवळ बोलावं, तर या घराचा पाया कानडी गवंड्यांनी घातलेला. वास्तूला ‘अंजिकी’ म्हणजे भीती हे कळणार नाही असं कसं धरून चालायचं?

तशात वरच्या मजल्यावर भाडेकरू आले. नवरा रेल्वेत, बदलीवर आलेला, बायको इटारसीकडची, माझ्याहून बरीच मोठी. मी त्यांना भाभी म्हणू लागले. त्यांना कानडीचं अक्षर येत नव्हतं. भाजीची गाडी आली की पदर सावरत नुसत्या उभ्या राहायच्या, आणि मग मला हाक. मी कानडीत भाव करायचा, भाभींनी पिशवी पुढे करायची. माझी हिंदी म्हणजे शाळेची. सूर्य कुठे उगवतो हे मला निर्दोष सांगता यायचं, पण घोटभर पाणी मागताना ततपप व्हायचं. बाजारातली हुबळी हिंदी, ‘मेरेकू’ आणि ‘कित्तेकू’, ती वेगळीच, आणि तिला भाभी पदराआड हसायच्या.

त्यांनी मला शिकवायचं मनावर घेतलं. दुपारी मागच्या पायऱ्यांवर आम्ही मेथी निवडत बसायचो. एका शब्दावर किती गोष्टी चालतात हे पाहून मला गंमत वाटली. भूख लग रही है. प्यास लग रही है. ठंड लग रही है. मी घोकत होते, भाभी काड्या बाजूला टाकत होत्या, आणि त्याच सुरात त्यांनी पुढचं वाक्य सांगितलं, “डर लग रहा है.”

ते मी म्हटलं. म्हटलं आणि थांबले. ते घोकलेलं नव्हतं, खरं होतं. वर आढ्याकडे बघितलं. काही झालं नाही. पुन्हा म्हटलं. भाभींनी माझ्या तोंडावर हात ठेवला नाही. मेथीची जुडी खाली ठेवून त्या माझ्याकडे सरकल्या आणि म्हणाल्या, “लगेगा ही.” भुकेलेल्या माणसाला ‘बस, वाढते’ म्हणावं तितक्या साधेपणानं.

त्या दिवसापासून तो आमचा नेमच झाला. “आज लग रहा है?” “लग रहा है.” “कितना?” “बहुत.” मग मेथी नाहीतर वालाच्या शेंगा. भीती कमी झाली असं नाही, पण माझ्याबरोबर ती आणखी एका माणसाला ठाऊक होती. अक्का आत सोप्यात तांदूळ पाखडत असायच्या. एकदा त्यांनी विचारलं, “काय बोलालीस ग तिच्याशी रोज?” मी म्हटलं, “स्वैपाकाचं.” त्यांनी सूप तसंच हातात धरून माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि पुन्हा पाखडायला लागल्या.

पण माझ्या मनाला एक नवाच घोर लागला. चार महिन्यांत मी हिंदी शिकले, मग वास्तू का नाही शिकणार? वरचा मजला तिचाच. भाभी दिवसभर तिथे बोलतात, रेडिओ ऐकतात. तिला एव्हाना सगळं कळत असेल तर? हे सुचलं त्या दिवशी मी पायऱ्यांवर गेले नाही. दुसऱ्या दिवशी गेले, कारण राहवेना.

आठवा महिना लागला आणि भाभी भावाच्या लग्नाला इटारसीला गेल्या.

दुपारचं जेवण उरकून मी ओटा पुसत होते. जेवल्यावर एरवी पोटात हमखास धावपळ चालायची, ती त्या दिवशी नव्हती. गूळ खाल्ला. पाणी प्यायले. कुशीवर निजून पाहिलं, उठून फेऱ्या मारल्या. काही नाही. मागच्या वेळेसारखंच सगळं गप्प. ओरडावंसं वाटत होतं आणि मराठीतला एक शब्द बाहेर काढायची छाती होत नव्हती, कारण जो बाहेर पडेल तो खरा होईल. भाभी नव्हत्या. मी फडताळाला धरून उभी राहिले आणि भिंतीलाच म्हटलं, “डर लग रहा है.”

“मेरेकू भी.”

मागे अक्का उभ्या होत्या. त्यांनी एकदा देवघराकडे, एकदा आढ्याकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी येऊन आणखी हळू म्हणाल्या, “बहोत लगता.” बांगड्या भरणाऱ्या मामूकडून उचललेली हिंदी ती. बांगड्यांच्या भावापलीकडे ती कधी वापरल्याचं मी ऐकलं नव्हतं. एवढं बोलून त्यांनी खुंटीवरची पिशवी घेतली. “चल. रिक्षा बघूया.”

डॉक्टरीणबाई जवळच राहायच्या. त्यांनी मला आडवं केलं, पोटाला नळी लावली आणि कान टेकवला. माझा हात अक्कांच्या हातात होता आणि त्या ओठांतल्या ओठांत जप केल्यासारखं म्हणत होत्या, “डर लगता, डर लगता.” डॉक्टरीणबाई वैतागल्या. “अक्का, जरा गप्प. मला ऐकू दे.” नळी इकडून तिकडे फिरली. एका जागी थांबली. मी डोळे मिटून घेतले.

“आहेत ठोके,” बाई म्हणाल्या. “चांगले आहेत. झोपलंय ते.”

परत येताना अक्कांनी रिक्षात माझा पदर सारखा केला. मग सरळ मराठीत म्हणाल्या, “तुझ्या नवऱ्याच्या आधीचे माझे दोन गेले. कुणाजवळ बोलले नाही. घरात बोलायचं नाही, आणि मी घराबाहेर कधी पडत होते?” रिक्षात वास्तू नसते हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, त्यांच्या आलं होतं. घराचं फाटक दिसलं तशा त्या गप्प झाल्या.

दिवस भरल्यावर मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आलो तेव्हा अक्कांनी आम्हा दोघींवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, दारातच पायांवर पाणी घातलं. मूल हातात आलं की भीती जाईल, अशी माझी कल्पना होती. ती गेली नव्हती. मुलगी झोपेत श्वास घेते की नाही, ते मी वाकून वाकून बघत होते.

अक्कांच्या ते लक्षात आलं. उंबरठा ओलांडून आत आल्यावर त्यांनी माझ्या कानाशी विचारलं, “अजून लगता?”

“लगता,” मी म्हटलं.

“लगताच,” अक्का म्हणाल्या, आणि या खेपेला त्यांनी आवाज मुळीच हळू केला नाही. “आता जन्मभर.”

वास्तूनं तथास्तु म्हणावं, असं मला त्या घरात पहिल्यांदाच वाटलं.