गोल शेताच्या कडेने

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. उत्तर सौदीतल्या हाइलमध्ये, नवऱ्याच्या खोलीतला फ्रीज रिकामा करून घासत होते. दोन महिन्यांपूर्वी कंपनीने त्यांची बदली इथे केली. मी रियाधलाच, अल मलाझमधल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. पुढच्या करारावर सही करायची की नोकरी सोडून इथे यायचं, हे रविवारपर्यंत कळवायचं होतं. म्हणून गाव बघायला आले होते, आणि गाडीतून सगळी गावं सारखीच दिसतात.

"इथे पायी कोण चालतं?" म्हणत ते जुम्म्याच्या नमाजाला गेले. मी बूट चढवले.

किल्ल्याखालची जुनी वस्ती वीस मिनिटांत संपली. मातीच्या जाड भिंती, नक्षीची दारं, दारांना कुलपं. बाहेरच्या रस्त्याला लागले तर तीन गाड्या थांबल्या. बाई चालतेय म्हणजे गाडी बिघडली असणार, असा प्रत्येकाचा समज. एकाने न विचारताच पाण्याची बाटली हातात दिली.

मग गहू लागला, पोटरीएवढा. लांब समोर खजुराची बाग दिसत होती, तिथवर जायचं ठरवलं. रत्नागिरीकडे शेत ओलांडायचं तर बांध धरायचा, तो कुठेतरी पोचवतोच. मी शेताची कड धरून झपाझप निघाले. बाग समोरून उजवीकडे सरकली, मग पाठीमागे गेली. कड पुढे वळेल म्हणून मी चालतच राहिले. पाऊण तासाने समोर पंप आणि निळ्या पिंपावर बसलेला पाकिस्तानी कामगार. निघताना यालाच सलाम केला होता.

"आपा, खेत गोल है," तो हसू दाबत म्हणाला. "पानी की मशीन बीच में घूमती है. मैं समझा आप कसरत कर रही हैं."

त्याने चहा दिला. सुट्टीच्या दिवशी काय करतोस, विचारलं. झोपतो, म्हणाला.

असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाच्या अजानीआधी मी खोलीवर होते. गाव झालं, शेत झालं. उद्याचं काही सुचेना. उगाच धुतलेले डबे पुन्हा पुसले.

"आवडलं का?" नवऱ्याने विचारलं.

"आवडलं. पण एका दुपारीत संपलं."

त्यांनी फ्रीज उघडून आत बघितलं. "म्हणजे फ्रीज आता मीच घासायचा."

"घासा तरी."

शनिवारी सकाळी करारावर सही केली, फोटो काढून हॉस्पिटलला पाठवला, रियाधच्या गाडीचं तिकीट काढलं. बूट पुढच्या खेपेसाठी त्यांच्या कपाटातच ठेवले आणि चपला घालून स्टेशनवर गेले.