हौदांना कुलपं

त्या सकाळी मी दात घासून चूळ भरली आणि तोंडात काहीतरी तेलकट पसरलं. आधी वाटलं, पेस्ट बदलली असेल. मग वास आला, गॅरेजसमोरून जाताना येतो तसा. मी थुंकत राहिले, जीभ टॉवेलने खरवडून पुसली, तरी ती चव संध्याकाळपर्यंत गेली नाही. आईने अंगणातल्या हौदाचं झाकण उचललं तर पाण्यावर गाडीचं जळकं ऑइल तरंगत होतं. काळं, कडेकडेने मोरपंखी. नळाला पाणी आदल्याच दिवशी आलं होतं. हौद काठोकाठ भरलेला होता.

आमच्या गल्लीत तेव्हा पाणी आठव्या दिवशी यायचं, कधी दहाव्या. डोक्यावरून अंघोळ, चादरी धुणं, पाहुण्यांना बोलावणं, सगळं पाण्याचा दिवस बघून ठरायचं. प्रत्येक घराच्या फाटकाच्या आत जमिनीखाली हौद असतो, वर लोखंडी झाकण. पाणी त्यात साठवायचं आणि मोटारीने गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. त्या झाकणाला कुलूप लावावं असं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

आमचा हौद तिसरा. त्याआधी एका घरच्या हौदात लहान मुलाचा वापरलेला डायपर निघाला होता, फुगून उशीएवढा झालेला. दुसऱ्यात सडलेल्या भाजीची अख्खी पिशवी. दर वेळी पाणी येऊन गेल्यावर एक-दोन दिवसांत. म्हणजे टाकणाऱ्याला आमचा पाण्याचा दिवस बरोबर माहीत होता, आणि तो तर पाणी सोडणाऱ्या लाइनमनलाही नीट सांगता येत नसे.

मला राग आला नाही, किळस आली. राग यायला समोर एखादा चेहरा लागतो. मला फक्त एक हात दिसायचा. झाकण सरकवणारा, आत काहीतरी सोडणारा, आणि मग घरी जाऊन त्याच बोटांनी पोळी मोडणारा. जेवताना तो हात हमखास आठवायचा. मी ताटावरून उठायचे आणि आईला पोट दुखतंय म्हणून सांगायचे.

हौद उपसून घासायला आत उतरल्या त्या मावशी. आमच्याकडे आणि गल्लीतल्या आणखी चार घरी त्या धुणंभांडी करायच्या. मूळच्या सिल्लोडकडच्या; नवरा गेल्यावर इकडे आल्या आणि मुलगी व नातीबरोबर मागच्या वस्तीत राहायच्या. खरं तर मी उतरायला हवं होतं. मी वरून टॉर्च धरला.

"ताई, उजेड इकडं धरा. झोप लागली का?"

"नाही, धरते."

"ज्यानं हे केलं ना, त्याला ह्याच पाण्याचा चहा पाजला पाह्यजे. साखर जरा जास्तीची घालून."

वस्तीत नळ नव्हता. टँकर यायचा तेव्हा मावशी कामावर असायच्या. म्हणून काम संपलं की त्या आमच्या आणि समोरच्या काकूंच्या हौदातून एकेक कॅन भरून न्यायच्या. तिघींचं पिणं आणि स्वयंपाक त्या दोन कॅनवर चालायचा. आमच्याकडे ऑइल निघालं तसं समोरच्या काकूंनी मावशींचा कॅन बंद केला. "तू झाकण अर्धवट लावतेस," त्या म्हणाल्या, "उघडं दिसलं की टाकणाऱ्याचं फावतं." मावशींनी रिकामा कॅन उचलला आणि गेल्या.

पुढचं पाणी येऊन गेल्यावर दुसऱ्याच दिवशी काकूंच्या हौदात कोंबडीची आतडी निघाली. त्यांच्या घरात अंडंही येत नाही. आठ वाजता त्यांनी बादलीने पाणी काढलं तेव्हा ते स्वच्छ होतं. साडेदहाला झाकण उघडलं तर आतडी पाण्यावर होती, पिसांसकट. काकूंना तिथेच उलटी झाली. मी तेव्हा नुकतीच चौकातून परतले होते. तो वास आमच्या फाटकातच आला आणि मी आत पळाले.

त्या अडीच तासांत मावशी कुठे होत्या हे मला माहीत होतं. त्या माझ्याबरोबर होत्या. नातीच्या इंग्रजी शाळेतल्या प्रवेशाचा अर्ज ऑनलाइन भरायचा होता, म्हणून आम्ही दोघी चौकातल्या सायबर कॅफेत बसलो होतो. सर्व्हर सारखा बंद पडायचा. मी तीच माहिती पुन्हा पुन्हा भरत होते आणि मावशी नातीचा जन्मदाखला छातीशी धरून स्क्रीनकडे बघत होत्या.

संध्याकाळी मी आईला सांगितलं.

"मग रविवारी सगळे जमणार आहेत, तिथं सांग," आई म्हणाली.

"तू सांग ना."

"मी पाहिलंय का? पाहिलंस तू. मी बोलले तर म्हणतील, कामवाली टिकावी म्हणून बोलतेय."

रविवारी सकाळी समोरच्यांच्या पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. तिथले काका वाळूजला कंपनीत सुपरवायझर. त्यांनी वही काढली आणि शिफ्ट लावावी तसं बोलायला लागले. चहा विकतच्या पाण्याचा केलाय, हे काकूंनी दोनदा सांगितलं.

"मी तिचं पाणी बंद केलं आणि लगेच हे झालं," काकू म्हणाल्या. "आता आणखी काय बघायचं राहिलं?"

"पाणी कधी येतं, मोटार कधी लागते, तिला सगळं माहीत असतं," काका म्हणाले.

"वो तो मेरे कू भी मालूम है," कोपऱ्यावरच्या घरातले चाचा म्हणाले. गल्लीतल्या सगळ्या मोटारी तेच दुरुस्त करतात. "मेरे कू भी निकालो फिर. मोटार कौन बनाता, मैं भी देखता."

लोक हसले.

"चाचा, तुमचं वेगळं," काका म्हणाले.

"वेगळं कसं? पहले पकडो, बाद में निकालो. इधर उल्टा चलरा."

आई माझ्याकडे बघत होती. माझं वाक्य तयार होतं, घरी चार वेळा म्हणून पाहिलं होतं. मी खुर्चीत जरा पुढे सरकले. काका म्हणाले, "बोल बेटा," आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"कुलपं लावायला हवीत," मी म्हणाले.

"हे बरोबर. शिकलेली मुलगी आहे," काका म्हणाले आणि त्यांनी ते वहीत लिहिलं. त्याखाली लिहिलं, मावशींना गल्लीत बंदी.

घरी आल्यावर मी गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळं लिहिलं. इंग्रजीत. शाळेत आम्हाला संपादकांना पत्र लिहायला शिकवलं होतं, तसं. वार, वेळ, ठिकाण, तीन परिच्छेद. मराठीत मला लिहिता आलं असतं. पण मराठीत लिहिलं असतं तर ते काकूंच्या तोंडावर बोलल्यासारखं झालं असतं, आणि मला नेमकं तेच नको होतं. सात अंगठे आले. काकांनी लिहिलं, 'व्हेरी वेल ड्राफ्टेड.' एकाने विचारलं, मुलाचा नोकरीचा अर्ज तपासून देशील का. काकूंना इंग्रजी येत नाही, आणि त्यांना अर्थ सांगायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. मग कुणीतरी गुलाबाचं चित्र टाकलं आणि माझा मजकूर वर सरकला. ते अंगठे बघताना मनात आलं, यातलाच एखादा त्या हाताचा असेल.

सोमवारी मावशींना काकूंनी फाटकातूनच परत पाठवलं. आमच्याकडे आल्या तर आईने हळू आवाजात सांगितलं, थोडे दिवस थांबा, हे निवळू द्या. मावशी माझ्याकडे वळल्या.

"ताई, तुम्ही सांगितलं नाय का, आपण संगं होतो म्हणून?"

"सांगितलं."

"मग?"

"लिहून सांगितलं."

"कुणाला?"

त्या दिवशी त्या आमच्या हौदातलाही कॅन न भरता गेल्या.

सगळ्यांनी कुलपं आणली. चाचांनी आणलं नाही. बैठकीचा एकही निर्णय मानणार नाही म्हणाले. दोन पाण्यांनंतर त्यांच्याच हौदात मेलेली घूस निघाली, केस गळून पांढरी पडलेली. त्यांच्या घरी तोवर त्या पाण्याचा चहा होऊन गेला होता. मावशींनी तेव्हा तीन आठवडे गल्लीत पाऊलही टाकलेलं नव्हतं.

ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही. दोन दिवसांनी काकू फाटकाशी येऊन आईला म्हणाल्या, "बोलवून घ्या तिला आता. भांडी घासून हाताची सालं निघाली माझ्या." बस, एवढंच. मला त्या घुशीपेक्षा या वाक्याची जास्त शिसारी आली, आणि ते वाक्य ऐकून मी निमूट चपला घातल्या याचीही.

वस्तीत मावशी घरासमोर तांदूळ निवडत होत्या. शेजारच्या दोघी-तिघी बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मावशी, माझं चुकलं. मी तिथं तोंडाने बोलायला हवं होतं."

"बसा की," त्या म्हणाल्या. मग तांदूळ निवडतच म्हणाल्या, "येते उद्यापासून. काम सोडून कसं भागंल?"

"आणि पाणी दोन्ही कॅन आमच्याकडूनच न्या."

"नको."

"का? आता कुलूप आहे."

"कुलूप हाय, पण लई घाण हाय तुमच्या गल्लीत." त्यांनी एक खडा उचलून बाजूला टाकला. "माझी नात पिती ते पाणी. कोण काय टाकतंय, तुम्हालाच ठाऊक नाय अजून."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. नाक तेवढं किंचित आक्रसलं होतं.

पुढे ते प्रकार आपोआप थांबले. कोण होतं ते कधीच कळलं नाही. कुलपं गंजली तरी लोक ती लावतात. मावशी कामाला येतात, पण वस्तीत टँकर आला की हातातली भांडी तशीच ठेवून निघून जातात. उरलेली मी घासते.