तेलवाल्या सरांची ज्वारी

तेलवाले सर कुणाला आधी नाव विचारत नसत, गाव विचारत. माझी भाड्याची खोली अमरावती शहरात, राजापेठेत, म्हणून मी ऐटीत राजापेठ सांगितलं. सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "तिथं तू सापडला. निंगाला कुठून?" मुकाट्यानं भातकुली म्हणावं लागलं.

दोष त्यांच्या नोकरीचा. उभी हयात त्यांनी प्रयोगशाळेत खनिज तेलाचं मूळ शोधण्यात घालवली आणि निवृत्तीनंतर अमरावतीला आम्हाला शिकवायला आले. तेल खडकाखडकांतून वाहत कुठल्या कुठे जातं. पण त्यातल्या जड आणि हलक्या कार्बनचं प्रमाण जन्मदात्या खडकाशी जुळतं. ते समुद्री शेवाळाचं की जमिनीवरच्या झाडांचं, याचाही त्यावरून माग लागतो. एवढं सांगायला सरांना तास पुरत नसे, कारण मध्येच त्यांच्या गावची, पातूरची ज्वारीची भाकरी येई. ज्वारीचा कार्बन गहू-तांदळापेक्षा जड आणि तो खाणाऱ्याच्या केसांत उतरतो, हे खरंच आहे. सर मात्र ते रहिवासी दाखल्याच्या थाटात सांगत. वर दम असे, "आकडा येईन तसा सांगाचा बावा. आपल्या सोयीनं नाई."

पुढे मी तशाच प्रयोगशाळेत लागलो, सर मुलाकडे बेंगळुरूला गेले. एकदा पाकिटातून त्यांच्या पांढऱ्या केसांची बट आली. चिठ्ठीत लिहिलं होतं, "तपास. अजून वऱ्हाडीच आहो का मी?"

तपासली. साफ पोळी-भात. खोटं सांगावं असं फार वाटलं, पण शिकवण त्यांचीच होती. फोनवर खरं सांगितलं. सर म्हणाले, "केसात मागल्या दोन-चार महिन्याचंच जेवण रायते. ज्वारी पाठव."

भातकुलीची ज्वारी पाठवली. सुनेला भाकरी थापता येईना, तेव्हा सर स्वतःच ओट्याशी उभे राहिले. पहिले आठ दिवस घरच्यांनी निमूटपणे नकाशे खाल्ले.

चार-पाच महिन्यांनी दुसरं पाकीट आलं. वरचं अक्षर सुनेचं होतं. सर गेले होते, आणि केस मला पाठवायला बजावून गेले होते. मी खूप रडलो. मग मशीन सुरू केलं.

आकडा जड आला. कळवायचं कुणाला? त्या प्रयोगशाळेत इतकी वर्षं मी चुकूनही गावची बोली बोललो नव्हतो. त्या दिवशी सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणालो, "सर, तुमी वऱ्हाडीच आहा."